तापीची पुण्यतर आणि कोल्हापूरचा समुद्रदेव

सुरत हे नाव मराठी मनात दोन सनांशी बांधले गेले आहे. १६६४ आणि १६७०. महाराष्ट्रात चौथीच्या वर्गात शिवचरित्र वाचलेल्या कोणत्याही माणसाला सुरत म्हटले की महाराजांच्या दोन स्वाऱ्या आठवतात, आणि त्यात वावगे काही नाही. औरंगजेबाच्या साम्राज्याची ती तिजोरी होती आणि स्वराज्याला पैशाची निकड होती. परंतु हाच इतिहास सुरतेत राहून मराठी मुलांना शिकवायचा म्हटले की शिक्षकाची खरी परीक्षा होते. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली हजारो कुटुंबे राहतात. आई-बाप मागावर किंवा साडीच्या कारखान्यात. घरात अहिराणी, शाळेत मराठी, रस्त्यावर गुजराती. अशा मुलांपुढे मी सत्तावीस वर्षे इतिहास शिकवीत आलो आहे. खेळाच्या मैदानावर भांडण झाले की समोरचा मुलगा हमखास म्हणतो, "तुमच्या राजाने आमची सुरत लुटली." आमचा मुलगा त्या वेळी दोन हात करून मोकळा होतो, पण नंतर कधी तरी तास संपल्यावर टेबलाशी येऊन हळूच विचारतो, "सर, आपले लोक या गावात पहिल्यांदा आले ते लुटायलाच का?"

हा प्रश्न वरवर दिसतो तेवढा पोरकट नाही. सीमेवर राहणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबात तो कोणत्या ना कोणत्या रूपात विचारला जातो. बेळगाव-निपाणीकडे तो कानडीच्या संदर्भात येतो, नवापूर-उंबरगावकडे गुजरातीच्या. आपण इथले की तिथले? ज्या भूमीवर आपण राहतो तिच्या जुन्या गोष्टीत आपल्याला काही जागा आहे की नाही? या प्रश्नाचे उत्तर सतराव्या शतकात शोधू गेलो तर लूट आणि लढाई यांच्याच भाषेत ते सापडते. म्हणून मी मुलांना आणखी सोळाशे वर्षे मागे नेतो. तेथे एक ग्रीक खलाशी आपली वाट पाहत असतो.

या खलाशाचे नाव इतिहासाला ठाऊक नाही. पण त्याचे पुस्तक उरले आहे. 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' या नावाने ते ओळखले जाते. इ. स. च्या पहिल्या शतकात, इजिप्तमधल्या बंदरांतून तांबड्या समुद्रामार्गे हिंदुस्थानकडे ये-जा करणाऱ्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेली ही वाटाडी वही आहे. कोणत्या बंदरात काय विकले जाते, काय मिळते, कोठे खडक आहेत, कोठे सावध राहावे, असा रोखठोक मजकूर. त्यात वाङ्मयीन सौंदर्य शोधू नये. आमच्या तालुक्याच्या बाजारातला एखादा अडत्या वही लिहील तशी ती आहे, आणि म्हणूनच ती विश्वासार्ह वाटते.

या वहीत आपला किनारा येतो. भडोचला तो 'बारुगाझा' म्हणतो. खंबातच्या आखाताचे तोंड अरुंद, भरतीचा लोंढा भयंकर. जहाज आत शिरताना उजव्या हाताला खडकाळ, लांबलचक उथळवट लागते आणि तिच्यासमोर 'कम्मोनी' नावाचे गाव आहे, असे तो नोंदवतो. हे कम्मोनी म्हणजे सुरतेजवळ तापीकाठचे कामरेज, असे अनेक अभ्यासक मानतात. चालुक्यांच्या सातव्या शतकातील ताम्रपटात 'कार्मणेय' नावाच्या विभागाचा उल्लेख येतो, तेही हेच. आज मुंबई-अहमदाबाद महामार्गावर ट्रकवाल्यांच्या चहाचे ठिकाण म्हणून कामरेज लोकांना माहीत आहे. २००३ साली तेथे पद्धतशीर उत्खनन झाले आणि प्राचीन वस्तीबरोबर पश्चिम आशियाकडून आलेल्या रांजणांची खापरे मिळाली. म्हणजे सुरत हे बंदर मुघलांच्या काळात भरभराटीला आले हे खरे. पण तापीच्या मुखाशी परदेशी गलबतांची ये-जा त्याच्या फार आधीपासून होती.

पुढचा मजकूर तर मुलांना फारच आवडतो. भडोचला जाणारी वाट इतकी अवघड की तेथल्या राजाने आपल्या चाकरीतले कोळी मोठ्या होड्या देऊन आखाताच्या तोंडाशी ठेवले होते. 'त्रप्पग' आणि 'कोटिंब' ही त्या होड्यांची नावे वहीत आली आहेत. हे कोळी परदेशी जहाजाला दोर बांधून, भरतीच्या वेळा साधत, ओढत बंदरापर्यंत नेत. अलेक्झांड्रियाचा तालेवार सावकार आणि त्याचा लाखमोलाचा माल शेवटच्या टप्प्यावर आपल्या किनाऱ्यावरच्या कोळ्याच्या डोळ्यांवर विसंबून असे. नारळी पौर्णिमेला आजही डहाणूपासून खंबातपर्यंत दर्याला नारळ वाहिला जातो. वाहणाऱ्याची भाषा मध्ये कोठे तरी मराठीची गुजराती होते. समुद्राला त्याची खबर नसते.

मालाची यादी मी फळ्यावर लिहून देतो. येणारा माल : इटलीचा द्राक्षासव, तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच, सुरमा, रंगीत कमरपट्टे, सोन्याचांदीची नाणी, आणि राजासाठी चांदीची भांडी, गाणारी मुले, उंची मद्य. जाणारा माल : हस्तिदंत, अकीक, गुग्गुळ, जटामांसी, पिंपळी, सुती कापड. यातला काही माल पैठणहून आणि तगरहून, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरहून, गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला येई. पैठण ते भडोच वीस दिवसांची वाट. आता नकाशा काढून पाहावा : नर्मदेवरच्या भडोचहून गोदावरीवरच्या पैठणला जायचे तर तापी ओलांडल्यावाचून गत्यंतर नाही. तेव्हा मैदानावरच्या त्या प्रश्नाचे पहिले उत्तर येथेच मिळते. दख्खनचा माणूस या मुलखात आल्याचा लेखी दाखला दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे, आणि तो आला तेव्हा त्याच्या गाडीत अकीक आणि कापड होते.

एकदा नववीच्या वर्गात हा भाग चालू असता एका मुलीने विचारले, "सर, एवढी जहाजे आली तर रोमचा एखादा पुतळा का नाही सापडला?" तिच्या हातात एक चित्रमय विश्वकोश होता आणि त्यात संगमरवरी नेपच्यूनचे चित्र होते. रोमन लोक ज्याला नेपच्यून म्हणत तोच ग्रीकांचा पोसायडन. समुद्राचा, भूकंपाचा आणि घोड्यांचा देव. हातात त्रिशूळ. आपल्याकडे त्याच्या जवळचा म्हणून वरुणाचे नाव घेता येईल. पण वरुण शांत न्यायाधीश आहे आणि पोसायडन तापट.

प्रश्न रास्त होता. रोमन शिल्प म्हटले की डोळ्यांपुढे पांढरा संगमरवर येतो, आणि पेरिप्लसच्या यादीत संगमरवरी मूर्ती नाहीत. आपल्या पश्चिम किनाऱ्याशी रोमच्या व्यापाराचे जे पुरावे जागोजाग मिळाले ते मद्याच्या उभट कुंभांचे तुकडे, नाणी, मणी, काच आणि ब्राँझच्या लहान वस्तू. ब्राँझ म्हणजे तांबे आणि कथील यांचा मिश्रधातू, ज्याला आपण कांस्य म्हणतो. बडोद्याला लागून असलेल्या अकोट्याला विश्वामित्री नदीच्या काठी १९५० नंतर उत्खनन झाले, तेव्हा एका रोमन कांस्यपात्राची मूठ मिळाली आणि तिच्यावर बाळरूपातला एरॉस, म्हणजे त्यांचा मदन, कोरलेला होता. हा एरॉस सुरतेला जवळचा. पण त्या मुलीला हवा होता तो पूर्ण देव. आणि तो पाहायचा तर मराठी मुलखाच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या सीमेवर, कोल्हापूरला जावे लागते.

कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. १९४४-४५ च्या सुमारास शहराच्या वाढीसाठी तेथे खोदकाम चालू असताना जुन्या विटांची घरे उघडी पडू लागली. राजाराम कॉलेजात कन्नडचे प्राध्यापक असलेले के. जी. कुंदनगार यांचे त्याकडे लक्ष गेले. हे गृहस्थ शिलालेखांचे जाणकार. उत्तर कर्नाटक आणि कोल्हापूर संस्थानातील शिलालेखांचा त्यांचा संग्रह १९३९ साली प्रसिद्ध झालेला होता. त्या खोदकामात एका घरात धातूच्या वस्तूंचा मोठा साठा मिळाला. अभ्यासक त्याला आजही 'कुंदनगार निधी' असेच म्हणतात. पाठोपाठ १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी ब्रह्मपुरीचे शास्त्रशुद्ध उत्खनन केले आणि १९५२ साली त्याचा अहवाल छापला गेला. सातवाहनांच्या काळी येथे पक्क्या विटांच्या घरांची नांदती वस्ती होती, हे त्यातून सिद्ध झाले.

त्या साठ्यात देशी घडणीच्या वस्तू पुष्कळ होत्या. पाठीवर स्वार घेतलेला एक छोटा हत्ती तर सातवाहनकालीन धातुकलेचा नमुना म्हणून पुस्तकांतून छापला जातो. आणि त्यांच्याच संगतीत परदेशातून आलेल्या काही वस्तू होत्या : सुबक कांस्य सुरई, आरसा, आणि पोसायडन.

कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधल्या संग्रहालयात मी ही मूर्ती पाहिली आहे. रंकाळा आणि अंबाबाई झाल्यावर फारच थोडे प्रवासी तिकडे वळतात. वीतभराहूनही लहान मूर्ती. अंगावर वस्त्र नाही, दाढी दाट, खांदे रुंद, एक हात उंचावलेला. त्या हातात एके काळी त्रिशूळ असणार, आज नाही. पण हाताची मूठ आणि शरीराचा तोल असा आहे की नसलेला त्रिशूळ दिसतो. शरीराचा भार एका पायावर टाकून दुसरा सैल सोडण्याची ही ढब आपल्या त्या काळच्या मूर्तींत नाही. कार्ल्याच्या किंवा भाज्याच्या लेण्यातली माणसे भुईवर घट्ट पाय रोवून उभी असतात. हा मात्र नुकताच कोठून तरी आला आहे आणि लगेच निघणार आहे, असा उभा.

आता त्या मुलीच्या संगमरवराकडे वळू. पोसायडनच्या मूर्तींची परंपरा ग्रीसमध्ये फार जुनी. लिसिप्पस या थोर शिल्पकाराने इ. स. पूर्व चौथ्या शतकात कॉरिंथ नगरासाठी पोसायडनची कांस्यमूर्ती केली होती, असा प्राचीन ग्रंथात उल्लेख आहे. तो मूळ पुतळा आज नाही. रोमन काळात अशा नामांकित ग्रीक मूर्तींच्या संगमरवरी प्रती मोठ्या प्रमाणावर करण्यात येत. श्रीमंतांच्या बागा, स्नानगृहे आणि बंदरे त्यांनी सजवलेली असत. अशीच एक प्रत रोमच्या जुन्या बंदरात, पोर्तुस येथे, १८२४ साली सापडली. 'लॅटरन पोसायडन' या नावाने ती ओळखली जाते आणि व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहे. पुरुषभर उंचीचा संगमरवरी देव, एक पाय जहाजाच्या नाळेवर टेकवून समुद्राकडे पाहणारा. लिसिप्पसच्या परंपरेतल्या मूर्तीची ही प्रत असावी, असे कलेतिहासकार मानतात.

मूळ पुतळे धातूचे आणि उरल्या त्या प्रती दगडाच्या, असे का झाले? कारण अगदी व्यवहारी आहे. ब्राँझ वितळवता येते. रोमचे साम्राज्य ढासळले, नवा धर्म आला, तेव्हा जुन्या देवांचे पुतळे भट्टीत गेले आणि त्यांची नाणी, शस्त्रे, भांडी झाली. संगमरवर वितळत नाही; पडून राहतो, पुरला जातो, पुन्हा सापडतो. (त्यालाही भाजून चुना करीत असत, पण तरीही पुष्कळ वाचला.) म्हणून युरोपातल्या संग्रहालयांत ग्रीक धातुकला आपल्याला बहुधा दगडी प्रतींतून भेटते. आणि येथे, पंचगंगेच्या काठी, तांबे-पितळेला नेहमीच भाव असलेल्या देशात, एक छोटी धातूची मूर्ती मात्र टिकून राहिली.

ती टिकली तीही एखाद्या देवळाच्या गाभाऱ्यात नव्हे, तर घरातल्या भांड्याकुंड्यांत. कोणी तिला शेंदूर लावला नाही, कोणी नाक फोडले नाही. ज्याच्या घरात ती होती तो व्यापारी असेल किंवा तांबट असेल. व्यापारी असेल तर त्याने ती नवलाई म्हणून जपली असेल, तांबट असेल तर आटवायची म्हणून बाजूला ठेवली असेल. कसेही धरले तरी त्या माणसाचा आणि त्या देवाचा संबंध धर्माचा नव्हता, ओळखीचाही नव्हता, शेजाराचा होता. परक्याचा देव आपल्या सुरईशेजारी, आपल्या हत्तीशेजारी ठेवायला त्याला अडचण वाटली नाही. आपल्या घरांत नाही का, परगावच्या पाहुण्याने दिलेली एखादी अनोळखी मूर्ती शोकेसमध्ये बसलेली असते?

याच्या उलट दिशेचाही एक दाखला आहे. १९३८ साली इटलीतल्या पॉम्पेई येथे, इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या एका घरात, हिंदुस्थानी हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. दागिन्यांनी मढलेली, दोन बाजूंना दासी. तिच्याशी मिळतीजुळती शिल्पे आपल्याकडे तेर आणि भोकरदन येथे सापडली आहेत. पेरिप्लसच्या यादीत भडोचहून जाणारा हस्तिदंत आहेच. आमची बाहुली त्यांच्या घरात आणि त्यांचा देव आमच्या घरात, आणि दोन्ही घरे मातीखाली गेली म्हणून दोघेही वाचले. तिकडे प्लिनी नावाचा रोमन ग्रंथकार कुरकुरत होता, की हिंदुस्थान दर वर्षी आपल्या साम्राज्याचे पाच कोटी सेस्टर्स गिळतो. व्यापाराबद्दल राज्यकर्त्यांचे रडगाणे तेव्हाही हेच होते.

आता कोणी म्हणेल, मास्तर, हे सगळे गोड चित्र झाले. त्या काळी सीमा नव्हत्या म्हणून हे शक्य झाले. तसे मुळीच नाही. सीमा होत्या आणि तंटा आजच्याहून कडक होता. भडोच, सोपारे, नाशिक हा पट्टा त्या वेळी शक क्षत्रप नहपानाच्या हाती गेला होता आणि पैठणचे सातवाहन तो परत मिळवण्यासाठी झुंजत होते. पेरिप्लसकारालाही याची झळ लागलेली दिसते. कल्याण बंदर संदनेस नावाच्या अधिपतीकडे गेल्यापासून तेथे चुकून पोहोचलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जातात, असे तो लिहितो. म्हणजे नाकेबंदी आलीच. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा मिळाला : १३,००० हून अधिक नाणी नहपानाची, आणि त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला. नाणे तेच, चांदी तीच, वरचा शिक्का बदलला. १ मे १९६० रोजी आपल्या भागात जे झाले ते यापेक्षा वेगळे काय होते? डांग गुजरातेत गेला. उंबरगाव, नवापूर, नंदुरबार, तळोदे या तालुक्यांतली कितीतरी गावे पलीकडे गेली. नवापूरच्या रेल्वे स्टेशनातून तर दोन राज्यांची हद्द जाते. एकाच फलाटावर बसलेले दोन प्रवासी दोन राज्यांत असतात. माणसे तीच, जमीन तीच, वर छाप नवा.

आणि अशा त्या तंट्याच्या काळातला एक लेख नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या क्रमांकाच्या लेण्याच्या भिंतीवर आहे. तो नहपानाचा जावई उषवदात याचा. हा मनुष्य शक, म्हणजे आपल्या दृष्टीने परका. सातवाहनांच्या, म्हणजे पैठणकरांच्या, शत्रुपक्षातला. लेखाची भाषा प्राकृत वळणाची संस्कृत. त्याने केलेल्या दानधर्माची यादी आहे. भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे त्याने धर्मशाळा बांधल्या. नानंगोल गावी नारळीची झाडे दान दिली. हे गाव म्हणजे उंबरगावजवळचे नारगोळ, असे अभ्यासक ओळखतात. आणि लेखात नद्यांची नावेही येतात : इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा, दाहनुका. दमणा म्हणजे दमणगंगा, पारदा म्हणजे पारडीची पार नदी, दाहनुका डहाणूची. आणि तापी आमची. या नद्यांवर उषवदाताने नावांची 'पुण्यतर' ठेवली, म्हणजे वाटसरूंकडून उतराई न घेता पैलतीरी पोहोचवण्याची सोय केली.

तर हा शब्द आमच्या खेड्यांत अजून जिवंत आहे. पूल नव्हते तेव्हा पावसाळ्यात तरीवरूनच बाजार गाठावा लागे आणि तरवाल्याला धान्य द्यावे लागे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या दगडावर तो शब्द वाचताना अंगावर काटा येतो. पण मला त्याहून मोलाचे वाटते ते पुढचे वाक्य. या नद्यांच्या दोन्ही तीरांवर त्याने विसाव्याच्या जागा आणि पाणपोया बांधल्या, असे तो सांगतो. एका तीरावर नव्हे, दोन्ही तीरांवर. मुलुख जिंकणाऱ्याच्या जावयालाही एवढे कळत होते, की नदी ओलांडणारा माणूस पलीकडे उतरल्यावरही तहानलेलाच असतो.

भडोच-पैठण वाटेवरचा गाडीवान ही तर उतरला असेल. त्याच्या गाडीत भडोचहून परतताना तांबे-कथील असेल, रोमन मद्याचा एखादा कुंभ असेल. कोल्हापूरचा पोसायडन असाच, घाट चढणाऱ्या कोणा व्यापाऱ्याच्या गाठोड्यातून आला. देवाला वाट कोण दाखवतो? आखाताच्या तोंडाशी उभा असलेला कोळी, तरीवरचा नावाडी, बैल हाकणारा गाडीवान. यांची नावे कोणत्या शिलालेखात नाहीत. पण त्यांच्यावाचून कोणताही देव बंदराबाहेर पडला नसता.

कुंदनगार निधीची गोष्ट मुलांना सांगताना मी आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो. तो साठा ज्यांच्यामुळे नीट जपला गेला ते प्राध्यापक कुंदनगार कन्नडचे अभ्यासक, नोकरी मराठी संस्थानच्या कॉलेजात. ज्यांनी ब्रह्मपुरी शास्त्राने उकलली ते सांकळिया मुंबईत जन्मलेले गुजराती. त्यांचा प्रबंधच गुजरातच्या पुरातत्त्वावर, आणि आयुष्य गेले पुण्यात. त्यांच्या जोडीला मोरेश्वर गंगाधर दीक्षित हे मराठी. ग्रीक देव, सातवाहनांची वस्ती, आणि तिला उजेडात आणणारे कानडी, गुजराती आणि मराठी विद्वान. १९५६ नंतर सीमाप्रश्नावर किती वादळे झाली! पण त्याच्या दहा-अकरा वर्षे आधी, पंचगंगेच्या काठावर, तीन भाषांच्या माणसांनी एकाच खड्ड्याशी निगडित असे काम केले आणि त्यातून निघालेल्या देवाला कोणी "हा आमचा" म्हणून ओढले नाही. तो कोणाचाच नव्हता म्हणून सगळ्यांनी सांभाळला.

माझ्या शाळेत पूर्वी एकेका इयत्तेच्या तीन तुकड्या असत. आता मुले इंग्रजी माध्यमाकडे जातात, आणि जी राहतात त्यांना आपण मागे राहिलो असे वाटत असते. घरात बोललेली भाषा रस्त्यावर चालत नाही, रस्त्यावरची घरात. अशा मुलाला "तू महान परंपरेचा वारस आहेस" असे सांगून भागत नाही. त्याला हातात धरता येईल असे काही तरी द्यावे लागते. म्हणून मी नकाशा देतो, मालाची यादी देतो, नाशिकच्या लेखातली नद्यांची नावे पाठ करून घेतो. तापीचे नाव आले की वर्गात हमखास कोणी तरी म्हणते, "सर, आमचं गाव तापीकाठीच!" कोणाचे मुक्ताईनगरकडचे, कोणाचे शिरपूरकडचे, कोणाचे प्रकाशाचे. मुलताईला उगम पावलेली नदी खानदेश भिजवून सुरतेला समुद्रात जाते. सुरतेतल्या खानदेशी मुलाने खरे तर घर सोडलेलेच नाही. तो आपल्याच नदीच्या कडेने खाली आला आहे.

तेव्हा लुटीचा प्रश्न पुन्हा आला तर काय सांगायचे, हे मुलांना आता ठाऊक आहे. १६६४ खरे आहे आणि १६७०ही. ते लपवायचे नाही आणि त्याची लाजही बाळगायची नाही. मात्र त्या सनांच्या आधीची तर विसरायची नाही. गेल्या वर्षी आठवीतल्या एका मुलाने मैदानावर हाच वाद असा मिटवला : "आमचे लोक तुमच्याकडे अकीक घेऊन येत होते, आणि नाव फुकट होती." समोरच्या गुजराती मुलाने विचारले, "अकीक म्हणजे?" त्याने खिशातून राखीच्या दोऱ्यातला मणी काढून दाखवला. मणी खंबातचा होता. दोघेही तो उन्हात धरून बघत बसले आणि मधली सुट्टी संपली.